‘चेक’ या इंग्रजी शब्दाची कुळकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेल आला का चेक कर. चेक वटला का? निळ्या चेक्सचा शर्ट. चेक-इन, चेकअप, चेकमेट. इंग्रजीतला हा एवढासा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय की तो बाहेरून आलाय हे आता जाणवतही नाही. पण तपासणी, बँकेचा कागद, कापडावरचे चौकोन आणि बुद्धिबळातली धमकी, या चार गोष्टींना एकच शब्द कसा, हा प्रश्न एकदा पडला की पिच्छा सोडत नाही. मला तो शाळकरी वयात पडला होता. शब्दांच्या मुळांबद्दल गप्पा निघाल्या की या शब्दाविषयी जे जे विचारलं जातं, ते उत्तरांसह इथे एकत्र केलं आहे.

हे सगळे ‘चेक’ खरंच एकाच शब्दापासून आलेत, की केवळ उच्चार सारखा म्हणून आपण ते एका माळेत ओवतोय?

शंका रास्त आहे. इंग्रजीत उच्चार एक आणि मुळं दोन असे शब्द भरपूर आहेत. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचं एकमेकींशी काहीही नातं नाही. ‘चेक’चं तसं नाही. तपासणं, थांबवणं, कापडावरच्या चौकड्या, शह आणि बँकेचा चेक, हे सगळे अर्थ एकाच शब्दाला फुटलेल्या फांद्या आहेत. बँकेच्या चेकचं स्पेलिंग ब्रिटिश इंग्रजीत वेगळं दिसतं, पण तोही याच घरातला. आणि या घराचा मूळ पुरुष म्हणजे फारसी ‘शाह’. म्हणजेच राजा.

‘शाह’चा ‘चेक’ झाला कसा? दोन्हींत एकही ध्वनी सारखा नाही!

हा बदल बुद्धिबळाच्या पटावरून झाला. भारतातला चतुरंग इराणात पोचला आणि तिथे ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला, खेळ त्यांच्या हाती आला आणि त्याचं नाव ‘शतरंज’ पडलं. राजाच्या सोंगटीला मात्र अरबांनीही फारसी नावच ठेवलं, शाह. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह!’ असं ओरडून त्याला सावध करायचा. राजा सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ.

स्पेन आणि इटलीच्या वाटेने हा खेळ युरोपात शिरला. इ.स. १०००च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या आइन्झीडेल्नच्या मठात बुद्धिबळावरची एक लॅटिन कविता उतरवली गेली. युरोपातला या खेळाचा तो सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. लॅटिन लिहिणाऱ्यांकडे ‘श’साठी अक्षर नव्हतं आणि शब्दाच्या शेवटचा ‘ह’ त्यांच्या जिभेला जमणारा नव्हता. त्यांनी ‘श’चा ‘स्क’ केला, ‘ह’चा ‘क’ केला आणि शेवटी लॅटिन प्रत्यय लावून ‘स्काकुस’ असा शब्द घडवला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘एस्चेक’ झाला. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच इंग्लंडमध्ये आली आणि इंग्रजीने आपल्या सवयीप्रमाणे सुरुवातीचा ‘एस्’ गाळून टाकला. एस्टेटमधून स्टेट आणि एस्क्वायरमधून स्क्वायर निघाला तो याच सवयीने. उरला तो ‘चेक’.

म्हणजे आपला ‘शह’ आणि इंग्रजांचा ‘चेक’ हे एकच?

होय, आणि या सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. मराठीने हा शब्द फारसीकडून थेट घेतला, म्हणून तो जवळजवळ जसाच्या तसा राहिला. इंग्रजीपर्यंत पोचायला त्याला अरबी, लॅटिन आणि फ्रेंच अशी तीन घरं ओलांडावी लागली, म्हणून तो ओळखू येत नाही. राजकारणाच्या बातमीत आपण ‘शह-काटशह’ वाचतो तेव्हा आपल्या तोंडी इंग्रजी ‘चेक’चं जुनं आणि कमी झिजलेलं रूप असतं.

‘मात’चंही तेच. ‘संकटावर मात केली’ मधली मात आणि ‘चेकमेट’ मधला ‘मेट’ हा एकच शब्द आहे. संतवाङ्मयात येणारी ‘मात’, म्हणजे गोष्ट किंवा वार्ता, ही मात्र वेगळी. तिची या पटावरच्या मातेशी गल्लत करू नये.

घरातल्या एका लहान मुलीला मी बुद्धिबळ शिकवत होतो. तिने उंट तिरका सरकवला, माझ्या राजाकडे बोट दाखवलं आणि ‘चेक!’ म्हणून ओरडली. मी तिला म्हटलं, तू आत्ता ‘राजा!’ म्हणालीस. तिने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि विचारलं, ‘मग राणीला काय म्हणायचं?’ पुढची दहा मिनिटं डाव तसाच पडून राहिला आणि आम्ही वझिराची राणी कशी झाली यावर बोलत बसलो.

चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’, बरोबर ना?

असं सर्रास सांगितलं जातं, आणि त्याला कारणही आहे. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’. त्यामुळे ‘शाह मात’ ऐकणाऱ्या अरबी माणसाला ‘राजा मेला’ असंच वाटणार. पण ‘शाह’ फारसी आणि त्याच्या जोडीचं क्रियापद तेवढं अरबी, ही जोडी जुळत नाही. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, कोंडीत सापडलेला, काही सुचेनासा झालेला. अनेक अभ्यासकांचा कौल या दुसऱ्या अर्थाकडे आहे आणि मलाही तोच पटतो, कारण तो खेळाशी जुळतो. बुद्धिबळात घोडा मरतो, हत्ती मरतो, वजीरसुद्धा मरतो, पण राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि डाव तिथेच संपतो. ‘राजा अडकला’ हे त्या स्थितीचं अचूक वर्णन आहे.

‘शाह’ हा शब्द तरी कुठून आला?

प्राचीन फारसीत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत. इराणमधल्या बेहिस्तुनच्या कड्यावर सम्राट दरायसने इ.स.पूर्व सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरून घेतलेला प्रसिद्ध लेख ‘मी दरायस, थोर राजा’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होतो. त्यातला ‘राजा’ म्हणजे हाच शब्द. शतकानुशतकं झिजत त्याचा ‘शाह’ झाला.

या शब्दाचा धातू सत्ता गाजवणं या अर्थाचा आहे आणि तो संस्कृतातल्या ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ आहे. ‘ख्श’ आणि ‘क्ष’ शेजारीशेजारी ठेवून म्हणून पाहिलं की नातं कानालाच कळतं. म्हणजे क्षत्रिय आणि चेक हे लांबचे का होईना, पण नातेवाईक निघतात. ग्रीकांनी ज्याला झर्क्सीज म्हटलं त्या सम्राटाच्या मूळ नावातही हाच धातू आहे. इतिहासाच्या पुस्तकांत भेटणारा ‘क्षत्रप’ हा शब्दसुद्धा इराणकडूनच आपल्याकडे आलेला, ‘राज्याचा रक्षक’ या अर्थाचा.

मग ‘चेस’ हे खेळाचं नाव कुठलं?

तेही इथलंच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’चं अनेकवचन ‘एस्चेस’ असं होई. त्याचा पुढचा भाग गळाला आणि ‘चेस’ राहिलं. म्हणजे चेस या शब्दाचा अर्थ ‘राजे’. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काकी’, रशियन ‘शाखमाती’ ही नावंही राजावरूनच पडली आहेत, आणि रशियनने तर ‘शह-मात’ अख्खंच उचललं. स्पॅनिश ‘आखेद्रेस’ आणि पोर्तुगीज ‘शाद्रेश’ मात्र अरबी ‘अश्-शतरंज’वरून, पर्यायाने आपल्या ‘चतुरंग’वरून आली. युरोपच्या नकाशावर या खेळाच्या नावांची अशी दोन कुळं दिसतात, एक राजाचं आणि एक चतुरंगाचं.

शह देण्याचा आणि थांबवण्याचा संबंध काय?

शह मिळाला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. त्याची चाल कितीही सुंदर ठरलेली असो, आधी राजाची सोय बघावी लागते. या अनुभवातूनच चौदाव्या शतकात ‘चेक’ला अडथळा, अचानक बसलेली खीळ, असा अर्थ आला. इंग्रजी कवी चॉसरने सरदार घराण्यातल्या ब्लांश या स्त्रीच्या मृत्यूवर जे शोककाव्य लिहिलं, त्यात नियती एका माणसाशी बुद्धिबळ खेळते आणि लागोपाठच्या दोन ओळींत चेक, मात आणि पट हे तिन्ही शब्द येतात. तिथे चेक पटावरचाच आहे, पण त्या बिचाऱ्याचं आयुष्यच थांबलेलं आहे. अर्थ बदलायला असा एखादाच प्रसंग पुरतो.

ससाण्यांकडून शिकार करवणाऱ्यांनीही हा शब्द उचलला. नेमून दिलेलं सावज सोडून ससाणा मध्येच दुसऱ्या, हलक्या पक्ष्यामागे वळला की त्याला ‘चेक’ म्हणत. आज आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन अडवतात त्याला बॉडी चेक म्हणतात, तोही याच अर्थाचा. राज्यशास्त्रातला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हा वाक्प्रचार अठराव्या शतकातला. सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवर घालायचा, ही त्यातली कल्पना. अमेरिकेच्या राज्यघटनेचं वर्णन करताना तो हटकून वापरला जातो, पण घटनेच्या मजकुरात हे शब्द कुठेही नाहीत.

मराठीत ‘शह’ला हा अर्थ आपसूकच आहे. ‘त्याच्या मनमानीला शह बसला’ असं आपण म्हणतोच.

थांबवणं समजलं. पण ‘तपासणं’ हा अर्थ त्यातून कसा निघाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. आज ‘चेक’चा मुख्य अर्थ तपासणं हाच आहे आणि तोच या कुळात बऱ्यापैकी उशिरा, सतराव्या शतकात, जन्मला.

दुवा आहे तो लबाडीला आवर घालण्याचा. हिशेबात कुणी गडबड करू नये म्हणून त्याच्यावर ‘चेक’ ठेवायचा, म्हणजे लगाम ठेवायचा. हा लगाम ठेवायचा कसा? त्याने लिहिलेलं दुसऱ्या एखाद्या नोंदीशी ताडून पाहायचं. हळूहळू ‘लगाम’ मागे पडला आणि ‘ताडून पाहणं’ पुढे आलं. नंतर दुसरी नोंद नसली तरी चालू लागलं, नुसतं डोळ्यांखालून घालणं म्हणजेही चेक करणं झालं.

याच्या अगदी उलट प्रवास ‘कंट्रोल’ या शब्दाने केला. तो मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘काँत्रारोतुलुस’वरून आला. हिशेबाच्या मूळ गुंडाळीची दुसरी प्रत, जिच्याशी पहिली ताडून बघायची, ती ही. म्हणजे कंट्रोल सुरू झाला तपासण्यापासून आणि पोचला ताब्यात ठेवण्यापर्यंत. चेक सुरू झाला अडवण्यापासून आणि पोचला तपासण्यापर्यंत. दोन शब्द एकाच रस्त्याने समोरासमोरून गेले. ज्याच्या हाती पडताळणी त्याच्या हाती सत्ता, हे त्या काळच्या कारकुनांना पुरतं ठाऊक असणार.

चेक्सच्या कापडाचा राजाशी काय संबंध?

राजाशी थेट नाही, राजाच्या पटाशी आहे. फ्रेंचमध्ये पटाला ‘एस्चेकिए’ म्हणत, त्याचं इंग्रजीत ‘चेकर’ झालं. पटासारखी चौकटींची नक्षी ती चेकर्ड, आणि त्याचं आखूड रूप ‘चेक’. कापडाला हे नाव १४००च्या आसपासचं आहे. मोटार शर्यत संपल्यावर फडकतो तो काळा-पांढरा झेंडा चेकर्ड फ्लॅग. ज्याच्या आयुष्यात उजेड आणि अंधार आलटून पालटून आला त्याच्या कारकिर्दीला इंग्रजीत चेकर्ड म्हणतात.

गंमत म्हणजे इराणी आणि अरबी पट सहसा एकरंगीच असत, त्यांवर नुसत्या रेघा ओढलेल्या असत. एकाआड एक घर रंगवण्याची पद्धत युरोपाने रूढ केली. आइन्झीडेल्नच्या त्या कवितेत दुरंगी पटाचा उल्लेख आहे. म्हणजे शब्द इराणचा खरा, पण त्यातल्या चौकड्या युरोपच्या.

ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. त्यातला ‘एक्सचेकर’ही हाच का?

हाच. आणि इथे शब्द एका खऱ्याखुऱ्या टेबलावर अंथरलेला सापडतो.

बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल परगण्यांचे शेरीफ गोळा करत आणि वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला, हिशेब द्यायला हजर होत. हिशेब होई तो एका मोठ्या टेबलावर. रिचर्ड फिट्झनील हा राजा दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार होता. त्याने ११७०च्या दशकात या कामकाजावर एक पुस्तक लिहायला घेतलं, गुरुशिष्याच्या संवादाच्या रूपात. त्यात टेबलाचं माप दिलं आहे: लांबी सुमारे दहा फूट, रुंदी पाच फूट, आणि वर ठेवलेलं काही खाली पडू नये म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंचीचा काठ. त्यावर काळं कापड अंथरायचं. कापडावर रेघा, दोन रेघांमध्ये एक फूट किंवा पसरलेल्या हाताच्या वितीएवढं अंतर.

एवढा खटाटोप का? कारण आकडे रोमन होते. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करून पाहा, मग कळेल. स्थानाप्रमाणे किंमत बदलणारे अंक आणि शून्य त्या दरबारात अजून पोचलं नव्हतं, म्हणून ती सोय कापडावर केली होती. एक रकाना पेन्सचा, पुढचा शिलिंगांचा, मग पौंडांचा, विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. वरच्या ओळीत शेरीफने द्यायची रक्कम सोंगट्यांनी मांडायची, खालच्या ओळीत त्याने भरलेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एकेक सोंगटी उचलून वजाबाकी करायची. शेरीफला वाचता येत नसलं तरी आपण किती देणं लागतो हे त्याला दिसायचं. रेघांचं कापड, त्यावर सोंगट्या आणि दोन बाजूंना दोन माणसं, असं हे दृश्य. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात जशी दोन राजांत लढाई जुंपते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात जुंपते. म्हणून टेबलाला पटाचं नाव पडलं, टेबलावरून कचेरीला आणि कचेरीवरून देशाच्या तिजोरीला.

पंतप्रधानांच्या बकिंगहॅमशरमधल्या निवासाचं ‘चेकर्स’ हे नावही बाराव्या शतकात त्या जागेचा मालक असलेल्या, या कचेरीतल्या एका द्वारपालावरून पडल्याचं मानतात. १९२१पासून ते घर पंतप्रधानांच्या वापरात आहे.

मूळ शब्दात ‘एक्स’ नव्हता, मग ‘एक्सचेकर’मध्ये तो कुठून आला?

चुकीने. लॅटिनमधला ‘एक्स’ हा उपसर्ग फ्रेंचमध्ये ‘एस्’ होतो, जसं एक्सचेंज. लिहिणाऱ्यांना वाटलं की ‘एस्चेकर’मधला ‘एस्’ही तसाच असणार, म्हणून त्यांनी तो ‘दुरुस्त’ केला. चूक रूढ झाली आणि आता तिला राजमान्यता आहे.

पैसे भरल्याची पावती काय मिळायची?

काठी! आणि ती लक्षात ठेवा, कारण बँकेच्या चेकची किल्ली तिच्यात आहे.

हेझेलच्या काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडत. फिट्झनीलने त्यांची मापं दिली आहेत: हजार पौंडांना तळहाताएवढी रुंद खाच, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी खाचांसकट उभी चिरायची. एक भाग पैसे देणाऱ्याकडे, एक सरकारकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही भाग एकमेकांना जोडून पाहायचे. लाकडाचा रेषान् रेषा जुळली पाहिजे. एकाने गुपचूप एक खाच वाढवली तर दुसऱ्या भागावर ती नसणार. या काठ्यांना टॅली म्हणत. लांब भाग तो ‘स्टॉक’ आणि आखूड तो ‘फॉइल’.

या काठ्या सहाशे वर्षांहून जास्त चालल्या. वापर बंद झाला तो १८२६मध्ये. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या, धुराडी अतोनात तापली आणि त्या रात्री ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहं जळून गेली.

आता बँकेच्या चेकचं सांगा.

बँकेचं चेकबुक उघडा. चेक फाडल्यावर डाव्या बाजूला जो तुकडा उरतो, ज्यावर आपण तारीख आणि रक्कम लिहून ठेवतो, त्याला इंग्रजीत काउंटरफॉइल म्हणतात. वरच्या उत्तरातला ‘फॉइल’ आठवतो ना?

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ हे नाव खरं तर या तुकड्याचं होतं. सरकारी हुंड्यांसारख्या कागदांची जी बाजू फसवणूक पकडण्यासाठी मागे ठेवली जाई, तो ‘चेक’, म्हणजे पडताळ्याचं साधन. पुढे हे नाव मागे राहणाऱ्या तुकड्यावरून उडी मारून हातात जाणाऱ्या कागदावर बसलं. कागद स्वतः त्याआधीपासून होता. लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर काढलेला ४०० पौंडांचा, १६५९ सालचा एक कागद टिकून आहे. तो हाताने लिहिलेला आहे आणि आजच्या चेकसारखाच पैसे देण्याचा हुकूम आहे. चेक हे नाव मात्र त्या काळी त्याला नव्हतं.

अमेरिकेत या कागदाचं स्पेलिंग साधंच राहिलं. ब्रिटनमध्ये शेवटी ‘क्यू-यू-ई’ लागतं. जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँकरने १८२८च्या आपल्या पुस्तकात ही क्यूवाली पद्धत पसंत केली. त्याने दिलेल्या कारणांपैकी दोन: तपासणीच्या चेकशी घोटाळा होत नाही आणि ‘एक्सचेकर’शी मेळ बसतो. म्हणजे खजिन्याच्या त्या काळ्या कापडाची एक आठवण चेकच्या स्पेलिंगमध्ये शिल्लक आहे.

पण हा शब्द अरबी ‘सक्क’वरून आला असंही वाचलं आहे. खरं काय?

अरबीत ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्तऐवज, आणि मध्ययुगातले व्यापारी पैशाच्या देवघेवीत असे दस्तऐवज वापरत, हे दोन्ही खरं आहे. उच्चारही जवळचा वाटतो. म्हणून ही व्युत्पत्ती मोहात पाडते. अडचण अशी की ‘सक्क’ ते इंग्रजी चेक या वाटेवरचे मधले टप्पे दाखवता येत नाहीत. उलट पडताळ्याचा तुकडा ते बँकेचा कागद हा प्रवास इंग्रजी कागदपत्रांतच पायरीपायरीने दिसतो. उच्चाराचं साम्य हा पुरावा नव्हे, ती फक्त शोध सुरू करण्याची जागा. पायऱ्या दिसतात ती वाट मी खरी मानतो.

विमानतळावर ‘चेक्ड बॅगेज’ म्हणतात, म्हणजे तपासलेलं सामान ना?

नाही! सामान तपासलं जातं हे खरं, पण नाव त्यावरून पडलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रेल्वेत सामान सोपवलं की पितळेचे एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले निघत. एक बॅगेला अडकवायचा, दुसरा प्रवाशाच्या हातात. उतरल्यावर दोन्ही क्रमांक जुळले की बॅग मिळायची. त्या बिल्ल्याला ‘चेक’ म्हणत. म्हणजे चेक्ड बॅगेज म्हणजे बिल्ला लावून सोपवलेलं सामान. आज बोर्डिंग पासवर चिकटवून देतात तो छोटा स्टिकर आणि बॅगेच्या मुठीला गुंडाळलेली पट्टी, दोन्हींवर एकच क्रमांक असतो. चिरलेल्या टॅलीचे हेच दोन भाग.

अमेरिकी लोक हॉटेलचं बिल मागतानाही ‘चेक’ म्हणतात ते?

तेही बिल्ला-चिठ्ठीच्या अर्थातून. बरोबरची खूण ब्रिटनमध्ये ‘टिक’ आणि अमेरिकेत ‘चेक मार्क’. चेक-इन, चेक-आउट, चेकअप हे विसाव्या शतकातले जोडशब्द, त्यांत फारसं गूढ नाही.

चेक प्रजासत्ताकाचा काही संबंध?

काहीही नाही. तिथल्या लोकांचं स्वतःचं स्लाव्हिक नाव ‘चेख’, आणि दंतकथेप्रमाणे त्यांच्या मूळ पुरुषाचं नावही तेच. इंग्रजीत उच्चार योगायोगाने एक झाला.

बुद्धिबळ खेळताना ‘चेक’ म्हणणं सक्तीचं आहे का?

जागतिक संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत अशी सक्ती नाही. स्पर्धेत खेळाडू निमूटपणे चाल करतात, घड्याळ दाबतात आणि शह समोरच्याने स्वतः ओळखायचा असतो. घरी खेळताना मात्र आम्ही अजून म्हणतो. ती मुलगी आता ‘शह!’ म्हणते, आणि वझिरावर हल्ला झाला की आपल्या मनाने ‘राणी!’ असंही ओरडते.